निजामशाहीचा जंजिरा आणि तेथील माणसे

अहमदनगरचे नाव निघाले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे भुईकोट किल्ल्याचा खंदक, फराहबागेचा पडका महाल, चांदबिबीची शर्थ आणि पावसाची वाट पाहणारे पठार उभे राहते. समुद्राचा आणि या जिल्ह्याचा काही ऋणानुबंध असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. मग नगर जिल्ह्यातील ज्ञातिकुटुंबांसाठी निघणाऱ्या या स्मरणिकेत अरबी समुद्रातील एका बेटावरील राज्याविषयी लेख कशाला, असा प्रश्न वाचकबंधूंनी केल्यास तो रास्तच होय.

त्याला उत्तरे दोन आहेत. पहिले असे की, जंजिऱ्याचे राज्य ही नगरच्या निजामशाहीच्याच खोडाला फुटलेली फांदी होती. १६३६ मध्ये खोड वठले. फांदी त्यानंतर तीनशे बारा वर्षे हिरवी राहिली. दुसरे उत्तर आपल्या जिव्हाळ्याचे आहे. त्या बेटाच्या इतिहासात जे पहिले नाव येते ते सुलतानाचे नव्हे, सिद्दीचेही नव्हे. ते एका कोळ्याचे नाव आहे. आपण अकोले-संगमनेरकडील डोंगरातले कोळी, तो खाडीकाठचा. आपल्या हाती कोयता व काठी, त्याच्या हाती वल्हे. तथापि नाव एक आहे, आणि नावामागची उपेक्षाही बरीचशी एकच आहे.

प्रथम भूगोल सांगितला पाहिजे. रायगड जिल्ह्यात, मुरुड गावाच्या दक्षिणेस राजपुरीची खाडी समुद्राला मिळते. खाडीच्या तोंडाशी दंडा आणि राजपुरी ही दोन जुनी गावे. त्यांच्यासमोर, किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या मैलाच्या आतबाहेर, समुद्रात एक खडक आहे. अरबी भाषेत बेटाला ‘जझीरा’ म्हणतात. मराठी जिभेवर त्याचा जंजिरा झाला आणि पुढे कोणत्याही जलदुर्गाला आपण जंजिरा म्हणू लागलो. बेटाभोवती पाणी खारे, परंतु आत गोड्या पाण्याची तळी आहेत. ज्याच्या हाती हा खडक, त्याच्या हाती खाडी. आणि ज्याच्या हाती खाडी, त्याच्या हाती घाटाखालून निघणारा माल. नगरच्या सुलतानांस या बेटाची ओढ का लागली, हे यावरून ध्यानी येईल.

निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक अहमद. त्याचा बाप मलिक हसन हा जन्माने पाथरीकडील ब्राह्मण कुळातला, पुढे धर्मांतर होऊन बहामनी दरबारी वजिरीस चढलेला. १४८६ मध्ये हसनचा बिदरला घात झाल्यावर अहमदाने जुन्नरास राहून बहामनी सत्ता झुगारली. २८ मे १४९० रोजी त्याने बहामनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात नगर शहर वसविले. हेच शहर व जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखले जातात. अहमदाची दृष्टी पठारापुरती नव्हती. कोकणात उतरून त्याने दंडा-राजपुरीस वेढा घातला व ते ठाणे घेतले. चौलचे बंदर त्याच्या घराण्याकडे होते; तेथून तांबड्या समुद्राकडे माल आणि यात्रेकरू जात, आणि परत येताना जहाजांतून अरबी घोडे येत. नगरच्या पागेतला घोडा समुद्रावरून येई, ही गोष्ट आपल्याकडील इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात कोठे फारशी आढळत नाही.

याच सुमारास, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीस, समोरच्या बेटावर राम पाटील नावाचा कोळ्यांचा नायक होता. खाडीतील कोळ्यांस चाच्यांचा उपद्रव फार होई. म्हणून त्याने ठाणेदाराच्या परवानगीने बेटावर लाकडी ओंडके रोवून कोट उभारला. अशा कोटास ‘मेढेकोट’ म्हणत. मेढ म्हणजे जमिनीत पुरलेला खांब. आत आश्रय मिळाल्यावर कोळ्यांची वस्ती निर्धास्त झाली आणि राम पाटलासही आपल्या बळाचा भरवसा वाटू लागला. निजामशाही ठाणेदाराचे हुकूम तो जुमानीनासा झाला.

पुढची हकीकत परंपरेने दोन प्रकारे सांगितली जाते. ठाणेदाराच्या जागी पिरमखान नावाचा हबशी सरदार आला. बळाने बेट मिळत नाही हे ओळखून त्याने व्यापाऱ्याचे सोंग घेतले, गलबते बेटाजवळ नांगरली आणि माल सुरक्षित ठेवण्यास जागा मागितली. एका कथेप्रमाणे त्याने तीनशे पेट्या कोटात उतरविल्या व प्रत्येक पेटीत एक शिपाई होता. दुसरीप्रमाणे त्याने राम पाटलास मद्याची पिंपे भेट दिली आणि सारे कोळी नशेत पडल्यावर कापाकापी केली. या दुसऱ्या कथेत आपल्या लोकांच्या एका व्यसनाकडे बोट आहे. ज्ञातीच्या व्यासपीठावर ती सांगताना काही वक्ते ती गाळतात, काही नेमकी तेवढीच उचलून व्यसनमुक्तीचे प्रवचन करतात. मला दोन्हीही योग्य वाटत नाही. जिंकणाऱ्याच्या बाजूने सांगितलेल्या कथेत हरलेला मनुष्य नेहमीच एक तर भोळा असतो, नाही तर झिंगलेला असतो. पेट्यांच्या कथेत राम पाटील भोळा, पिंपांच्या कथेत झिंगलेला. दोन्ही कथांतून निर्विवाद उरते ते एवढेच की, निजामशाहीच्या ठाणेदाराला तो बेटावरून समोरासमोर हटविता आला नाही.

कोट मात्र निजामशाहीकडे गेला. १५६७ ते १५७१ या काळात लाकडी मेढी काढून तेथे दगडी तट उभा राहिला. हे काम बुऱ्हाणखान या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाले. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. नगरचा मुर्तजा निजामशहा १५७०-७१ मध्ये चौल येथे पोर्तुगीजांना वेढा घालून बसला होता आणि मोठी फौज असूनही त्यास चौल घेता आले नाही. समुद्रावर पोर्तुगीजांचा वरचष्मा होता. अशा वेळी राजपुरीच्या तोंडाशी एक पक्का किल्ला असणे नगरच्या दरबारास किती अगत्याचे वाटले असेल, हे सांगणे नको.

आता त्या हबशांविषयी. हबश म्हणजे आजचा इथिओपिया व त्याभोवतालचा प्रदेश. तेथील मुले पकडून अरबस्तानच्या बंदरांत विकली जात आणि तेथून दक्षिणेतील सुलतानशाह्यांत येत. त्यांस सिद्दी हे नाव पडले. ‘सय्यदी’ म्हणजे माझा धनी, या अरबी संबोधनापासून ते आले असे मानतात. नशिबाचा खेळ असा की, धन्याला उद्देशून म्हणावयाचा शब्द गुलामांचेच कुलनाम होऊन बसला. दक्षिणेत गुलामी ही जन्मभराची बेडी असतेच असे नव्हते. धनी वारला किंवा त्याने मुक्त केले म्हणजे हबशी शिपाई स्वतःची तुकडी उभारी, जहागीर मिळवी. परमुलखात त्याला भाऊबंद नसत, म्हणून सुलतानांचा त्यावर विश्वास अधिक असे.

या साऱ्यांत ज्याचे नाव नगर जिल्ह्यात आजही शेतकऱ्याच्या तोंडी येते तो मलिक अंबर होय. त्याचे मूळ नाव चापू. जन्म १५४८ च्या सुमाराचा. बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्यास शिकविले व अंबर हे नाव दिले. पुढे तो नगरच्या दरबाराचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी आला. हा चंगीझखान मोठा कर्तबगार. नगर शहरातील त्याच्या वाड्यात पुढे इंग्रजी अमदानीत जिल्हा न्यायाधीशाचे न्यायालय भरत असे. राजाने संशयावरून त्याला विष देवविले आणि अंबर मोकळा झाला. काही वर्षे विजापूरकडे चाकरी करून तो पुन्हा निजामशाहीत परतला.

१६०० मध्ये चांदबिबी मारली गेली, नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, सुलतान कैदेत गेला. राज्य बुडाले असे दिल्लीने मानले. अंबराने मात्र परांड्यास राजघराण्यातील एक तरुण मुर्तजा या नावाने गादीवर बसविला आणि पुढची २६ वर्षे तो मोगलांशी झुंजला. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२४ मध्ये नगरपासून जवळच असलेल्या भातवडीस मोगल व विजापूरकर यांच्या एकवट झालेल्या फौजांचा त्याने पराभव केला. भातवडीच्या तलावाचे पाणी शत्रूच्या छावणीत सोडल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. या लढाईत शहाजीराजांनी नाव मिळविले आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. मराठ्यांचा गनिमी कावा ज्या शाळेत वाढला तिचा हा हबशी एक प्रमुख पंतोजी होता, हे मान्य करण्यास कोणी संकोच करू नये.

अंबराची दुसरी कीर्ती जमीनधाऱ्याची. त्याने सारावसुलीचा मक्ता मोडला, जमिनीची प्रतवारी करविली, पिकाच्या मानाने सारा ठरविला आणि गावकऱ्यांचे मिरासी हक्क मानले. ‘मलिकंबरी’ हा शब्द आपल्या जुन्या कागदांत त्यामुळेच राहिला. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मनुष्याने कुणब्याच्या जमिनीवरचा हक्क पक्का करावा, यातील गोडी वेगळी सांगावयास नको. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे.

अंबराच्या कारकीर्दीतच जंजिऱ्यास सिद्दी सरदारांचा पाय स्थिर झाला. तेथे एक रीत पडली, तीवर मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. बेटाचा अधिकारी, ज्यास वजीर म्हणत, त्याच्या पश्चात त्याचा मुलगाच त्या जागी येई असे नव्हते. बेटावरील सरदार आपणांपैकी जो आरमार व तट सांभाळण्यास लायक, त्यास पुढे करीत. वंशपरंपरेची गादी ही पुढच्या काळातली गोष्ट. ज्या देशात पाटीलकीपासून पेशवाईपर्यंत सारे काही जन्माने मिळे, त्या देशाच्या किनाऱ्यावर असा एक खडक होता. तेथे कलह, खून, बंडे यांस तोटा नव्हता, हेही खरे. पण नेभळा मनुष्य तेथे फार दिवस टिकत नसे.

मलिक अंबरानंतर निजामशाही दहा वर्षे कशीबशी जगली. तिचा शेवटचा श्वास आपल्याच जिल्ह्यात चालला. संगमनेर तालुक्यातील पेमगिरीच्या किल्ल्यावर १६३३ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एक बालक गादीवर बसवून राज्य चालविण्याचा उद्योग केला. १६३६ मध्ये माहुलीस त्यांना मोगल व आदिलशाही यांपुढे शस्त्र खाली ठेवावे लागले आणि निजामशाहीचा मुलूख वाटला गेला. कोकणपट्टी विजापूरकडे गेली, तीबरोबर जंजिराही. नाव आदिलशाहीचे, पण बेटावर चालवीत ते सिद्दीच.

शिवाजीमहाराजांनी कोकण घेतल्यावर हा खडक त्यांच्या डोळ्यांत सलू लागला. १६७०-७१ च्या सुमारास मराठ्यांनी बेटाची अशी कोंडी केली की, वजीर फत्तेखान तह करण्यास तयार झाला. तेव्हा संबळ, कासम आणि खैर्यत या तिघा सिद्दी सरदारांनी त्यालाच कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. औरंगजेबाने त्यांस आपल्या आरमाराचे अधिपती केले. ‘याकूतखान’ हा किताब तेव्हापासून जंजिऱ्यास आला. १६७१ च्या होळीच्या रात्री मराठे सणात गुंतले असता कासमाने दंडा-राजपुरीचा किल्ला परत घेतला. दारूकोठार उडाल्याचा धडाका झाला त्या क्षणी महाराज दूर रायगडावर दचकून जागे झाले, अशी दंतकथा आहे. शत्रूच असला तरी हा कासम साधा मनुष्य नव्हे. १६८९ मध्ये औरंगजेबाच्या बाजूने त्याने इंग्रजांच्या मुंबईवर स्वारी केली आणि सुमारे वर्षभर मुंबईचा बराच भाग दाबून धरला. त्याचे नाव काढले की मुंबईकर इंग्रजांची गाळण उडे. मुंबईच्या कोळ्यांचे नाव या प्रसंगांत एकदा चमकून जाते. १६९२ मध्ये सिद्दीच्या लोकांनी पुन्हा उचल खाल्ली तेव्हा रुस्तुमजी दोराबजी या पारशी गृहस्थाने कोळ्यांची फौज उभारून त्यांस हुसकावून लावले आणि त्याबद्दल त्यांच्या घराण्यास पाटील ही पदवी मिळाली, असे सांगतात. लढले कोळी, पाटीलकी मिळाली पारशास, असो.

जंजिऱ्याच्या पाण्यावर महाराजांच्या बाजूने लढणाऱ्यांत कोळी होते, तसे सिद्दीच्या गलबतांवर वल्ही मारणारेही दर्यावर्दी लोकच होते. पोटाला कोणी तरी धनी लागतो. आपल्या सभासंमेलनांतून पहिल्यांचा जयजयकार होतो आणि दुसऱ्यांविषयी मौन पाळले जाते. पण खाडीच्या ज्या काठावर ज्याचे घर, त्या काठाच्या धन्याची चाकरी त्याच्या कपाळी आली. यात द्रोह कसला?

महाराजांच्या बाजूच्या एका कोळ्याची कथा मात्र सांगितलीच पाहिजे. जंजिऱ्यास शह म्हणून महाराजांनी मुरुडसमोरील कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधावयास घेतला. या कामासाठी रसद वेळेवर पोहोचली नाही म्हणून जानेवारी १६७५ मध्ये त्यांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास जे खरमरीत पत्र लिहिले ते प्रसिद्ध आहे. सिद्दीने काही देऊन तुम्हांस आपला चाकर केला आहे की काय, असा त्यातील सवालाचा रोख. आणि कामचुकारपणाबद्दल जन्माकडे पाहून गय होणार नाही, ही तंबीही त्यात आहे. याच पद्मदुर्गावर लाय पाटील नावाचा कोळी सरदार होता. १६७६ च्या मोहिमेत मोरोपंत पेशवे जंजिऱ्यावर चालून आले तेव्हा त्याने एक अचाट काम अंगावर घेतले. रात्री होड्यांतून जाऊन, लाटांच्या माऱ्यात, जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावावयाच्या. मागून मोरोपंतांच्या धारकऱ्यांनी येऊन वर चढावयाचे. लाय पाटलाने शिड्या लावल्या. तो व त्याचे सोबती तटाखाली वाट पाहत राहिले. धारकरी आलेच नाहीत. पहाट फटफटू लागली, तेव्हा शिड्या काढून घेऊन सारे परत फिरले.

परंपरा पुढे असे सांगते की, महाराजांनी त्यास बोलावून पालखीचा मान देऊ केला. लाय पाटलाने तो नम्रपणे नाकारला. दर्यात राहणाऱ्याने पालखीत बसून जावे कोठे? तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्याचे नाव ‘पालखी’ ठेवले आणि ते त्यास दिले. गोष्ट ऐकावयास मनोहर आहे. पण मला तिचा मधला भाग अधिक खरा वाटतो: शिड्या लागलेल्या आहेत, वर शत्रूचा पहारा आहे, खाली ओहोटी लागत आहे, आणि मागून येणारे कोणी येत नाही.

संभाजीमहाराजांनीही १६८२ मध्ये प्रयत्नांची शिकस्त केली. कोंडाजी फर्जंद फितुरीच्या मिषाने बेटात शिरला आणि डाव उघडकीस येऊन मारला गेला. किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा बांध घालण्याचेही काम त्यांनी हाती घेतले होते, परंतु मोगल फौज कोकणात उतरल्याने ते सोडावे लागले.

जंजिऱ्याने जी माणसे घडविली त्यांत बेटावर राहिलेल्यांइतकीच बेटाच्या छायेतून निसटलेली माणसे महत्त्वाची आहेत. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतील आवजी हरी हे सिद्दीच्या पदरी कारभारात होते. संशयावरून सिद्दीने त्यांस ठार मारविले आणि त्यांची पत्नी व तीन मुले गुलाम म्हणून विकण्यास गलबतावर चढविली. गलबत राजापुरास लागले. तेथे मुलांचे मामा विसाजी शंकर यांनी आपली बहीण व भाचे पैसे मोजून सोडवून घेतले. त्या मुलांपैकी बाळाजी पुढे आपल्या वळणदार अक्षराने शिवाजीमहाराजांच्या नजरेत भरला आणि स्वराज्याचा चिटणीस झाला. १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून संभाजीमहाराजांनी त्यास देहान्त शासन केले. तरीही त्याचा मुलगा खंडो बल्लाळ याने छत्रपतींच्या घराण्याची सेवा सोडली नाही. ही सारी हकीकत त्या घराण्याने जपली, कारण घरात लेखणी होती. त्यांच्याच वंशातील मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बखर लिहिली.

दुसरे नाव बाळाजी विश्वनाथ भट यांचे. त्यांचे घराणे सिद्दीच्या अमलातील श्रीवर्धनचे देशमुख. आंग्र्यांशी संधान असल्याचा वहीम सिद्दीस आला तेव्हा त्यांना गाव सोडावे लागले. बाणकोटच्या खाडीपलीकडील वेळासचे भानू कुटुंबही त्यांच्याबरोबर घाटावर आले. त्या परागंदा देशमुखाला १७ नोव्हेंबर १७१३ रोजी शाहूमहाराजांनी पेशवेपद दिले, आणि भानूंच्या कुळात पुढे नाना फडणीस जन्मास आले. म्हणजे अर्ध्या हिंदुस्थानवर हुकमत चालविणाऱ्या पेशवाईची पाळेमुळे जंजिऱ्याच्या हद्दीतील एका नारळीपोफळीच्या गावात होती. जंजिरेकराने दोन कुटुंबांना हुसकले नसते तर मराठ्यांच्या इतिहासाचे वळण काय झाले असते, हा विचार रिकामपणी करण्याजोगा आहे.

पण गंमत पुढेच आहे. बाळाजी विश्वनाथांच्या नातवास, नानासाहेब पेशव्यास, १७५९ मध्ये नगरचा भुईकोट किल्ला किल्लेदार कवीजंग याच्याकडून न लढता, द्रव्य देऊन मिळाला. निजामशाहीची राजधानी अशी पेशव्यांच्या पदरात पडली. तिची समुद्रावरची चौकी मात्र पडली नाही. बाजीरावांनी १७३३ मध्ये मोहीम काढून रायगड सोडविला. चिमाजी अप्पांनी १७३६ मध्ये सिद्दी सात यास लढाईत मारले. मुलूख बराच हाती आला. बेट नाही. अखेरीस १७९१ मध्ये, बेटावरील गादीचा हक्कदार सिद्दी अब्दुल करीम, ज्याला बाळू मिया म्हणत, तो बेदखल होऊन पेशव्यांच्या आश्रयास आला असता नाना फडणीसांनी त्याच्याकडून जंजिऱ्यावरील हक्क लिहून घेतला आणि मोबदल्यात सुरतेजवळचा सचीनचा मुलूख दिला. सचीनचे संस्थान असे जन्मास आले. कागदावर जंजिरा पेशव्यांचा झाला. बेटावरील सिद्द्यांनी तो कागद कधी मानला नाही.

इंग्रजी अमदानीतील जंजिरा संस्थान सुमारे ३२४ चौरस मैलांचे. शिवाय काठेवाडातील जाफराबाद त्याचेच. नवाबास ११ तोफांची सलामी असे. या काळाविषयी फार लिहिण्याजोगे नाही. जमाबंदी, जंगल, मिठागरे आणि पोलिटिकल एजंट यांतच तो गेला. १८७९ पासून १९२२ पर्यंत गादीवर असलेले नवाब सिद्दी अहमदखान यांनी मुरुडास राजवाडा बांधला आणि गारंबीच्या रानातून गावात पाणी आणले, एवढे नमूद केले पाहिजे. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणत त्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातील शालोम बापूजी हे या संस्थानचे दिवाण झाले होते. हबशी नवाब आणि मराठी यहुदी दिवाण असा योग दुसऱ्या कोणत्या संस्थानात आला असेलसे वाटत नाही.

या काळातील खरी लक्षात राहणारी व्यक्ती एक स्त्री आहे. नवाब अहमदखानांच्या बेगम नाझली रफिया या मुंबईच्या फैझी कुटुंबातील. पडदा मोडून शिकलेल्या घराण्यात त्या वाढल्या. १९०८ मध्ये त्या नवाबांबरोबर युरोपच्या प्रवासास गेल्या आणि त्याचे वर्णन त्यांनी उर्दूत लिहिले. त्यांची बहीण अतिया ही १९०६ मध्ये शिक्षणशास्त्र शिकण्यास लंडनला गेली होती. या बहिणींमुळे मौलाना शिबली नोमानी यांच्यासारख्या विद्वानाचे पाय जंजिऱ्यास लागले. कवी इक्बालांच्या अतियास लिहिलेल्या पत्रांतही जंजिऱ्याचे नाव येते. बेगमसाहेबांना मूल झाले नाही. संसार तुटला आणि त्या बेट सोडून गेल्या. फाळणीनंतर दोघी कराचीस गेल्या. अतिया १९६७ मध्ये आणि नाझली १९६८ मध्ये निवर्तल्या. ज्या बेटावर कोणी परका शिरू शकला नाही म्हणतात, तेथे कवी-पंडितांना बोलावणारी बाई तेथे टिकू शकली नाही.

शेवटचे नवाब सिद्दी मुहम्मदखान. स्वातंत्र्यानंतर संस्थानात विलीनीकरणाची चळवळ पेटली. नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया यांच्या पुढाकाराने तरुणांची पथके संस्थानात शिरली. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तटावर त्यासाठी एकही शिडी लावावी लागली नाही.

आज राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने बेटावर जाता येते. दरवाज्यावर पायांखाली हत्ती दाबलेले शिल्प आहे, कलालबांगडी तोफ आहे, गोड्या पाण्याची तळी आहेत. मुरुडजवळ खोकरी येथे सिद्दी सुरूलखान, कासम आणि खैर्यत यांच्या देखण्या कबरी उभ्या आहेत. बाळाजी आवजींची हकीकत बखरीत आहे, पेशव्यांची दफ्तरे पुण्यास आहेत, मलिक अंबराचे चरित्र अनेक भाषांत झाले आहे. राम पाटलाच्या मेढेकोटाची एक मेढही शिल्लक नाही. लाय पाटलाचे गलबतही नाही. आपल्या डोंगरातील राघोजी भांगरे १८४८ मध्ये ठाण्यास फासावर गेले, त्यांची गोष्ट तरी इंग्रजांच्या कागदांमुळे साल-तारखेसह आपणांस मिळाली.

अकोले, संगमनेर, राहुरी, पारनेर या तालुक्यांतील ज्या ज्ञातिकुटुंबांच्या पेटाऱ्यांत नाईकीच्या, पाटीलकीच्या अथवा किल्ल्यांवरील चाकरीच्या मोडी सनदा, महजर किंवा हिशेबाचे फर्द असतील, त्यांनी ते पावसाळ्यापूर्वी एकदा उन्हात घालावेत आणि मोडी जाणणाऱ्याकडून त्यांची बाळबोध नक्कल करवून स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद पाठवू नयेत. ते घरीच राहू द्यावेत.